सुवर्णाचा दम

आमच्या आणि दामूच्या घरात एकच भिंत. पहाटे त्या भिंतीतून थापटण्याचे दोन आवाज यायचे. आधी तांदळाची भाकरी थापल्याचा, ओल्या हाताचा. तो थांबला की थोड्या वेळानं दुसरा, पोकळ, लांब कुणी ढोलकीवर हात साफ करावा तसा. दामूची बायको सुमन लेकीला पाटावर पालथी घालून तिच्या पाठीवर, कुशीवर, बगलेखाली थापटत असायची, तळवा वाटीसारखा वाकवून. मग खोकला. तो ऐकवायचा नाही. पण एखाद्या दिवशी नुसतंच थापटणं चाललंय आणि खोकला येत नाही असं झालं, की आमची म्हातारी चहा गाळता गाळता थांबायची. म्हणायची, "आज पोरीचं काय निघंना वाटतं."

सुवर्णा त्याला 'वाजवून घेणं' म्हणायची. सकाळी वाजवून घेणं, संध्याकाळी वाजवून घेणं. कुणी लवकर बोलावलं की सांगायची, "थांबा, अजून आईनं मला वाजवली नाय."

ती जाऊन आता दुसरा पावसाळा आला. वाडीत तिचा विषय निघाला की लोक 'बिचारी' म्हणतात. मला ते सहन होत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं. मी चौथीपर्यंत शिकलेला. मास्तरांनी उगाच मारलं म्हणून शाळा सोडली ती सोडलीच, बाप हातापाया पडला तरी गेलो नाही. तेव्हा अक्षर आणि शब्द इकडचे तिकडे झाले तर होऊ देत. सुवर्णा बिचारी नव्हती. भांडखोर होती, आणि दमलेली होती. दोन्ही एकाच वेळी असता येतं.

आमची वाडी कडावच्या पुढं, भातशेतीच्या मधोमध. दामूचा पहिला मुलगा बाळसं न धरताच गेला. मग ही. खायची चांगली, मागून मागून खायची, पण अंगाला काही लागत नव्हतं. हातपाय काटक्या आणि पोट तेवढं पुढं. आमच्या शेळीला मात्र ही पोर फार आवडायची. अंगणात बसली की शेळी येऊन तिचा दंड चाटायची, मान चाटायची, आणि पोर खिदळायची. सुमन एकदा मला म्हणाली, "नाना, हिचा मुका घेतला तर ओठाला खारट लागतं. खाडीत बुडवून काढल्यासारखी." उन्हाळ्यात घाम वाळला की कपाळावर पांढरी रेघ उमटायची. बोटानं पुसली तर बारीक मीठ हाताला लागायचं.

दामूची आई तेव्हा जिवंत होती. तिनं निदान केलं, पोरीच्या अंगात मीठ भारी झालंय, म्हणून अंग ते बाहेर टाकतंय. वाडीला ते पटलं. पटण्यासारखंच होतं. मग पोरीचं मीठ बंद. अळणी पेज, अळणी भाकरी, अळणी भाजी. चैत्राच्या उन्हात एक दिवस पोर ओटीवर मलूल होऊन पडली आणि तिनं डोळे फिरवले. जीप करून कर्जतला नेली. तिथं शिरेतून बाटली लावली. बाटली रिकामी होत आली तशी पोर शुद्धीवर आली. दामूनं नर्सला विचारलं, "बाई, यात काय असतं?" ती म्हणाली, "मिठाचं पाणी."

तरी रोग कळायला पुढं बरीच वर्षं गेली. खोकला म्हणजे क्षय, असं धरून दोन वेळा क्षयाच्या गोळ्या झाल्या. त्यानं पोरगी आणखी वाळली. शेवटी मुंबईच्या मोठ्या इस्पितळात घामाची तपासणी झाली आणि नाव कळलं, सिस्टिक फायब्रोसिस. हे नाव लिहिण्यासाठी मला नातवाला फोन करावा लागला. रोग जन्मापासूनचा. छातीतला कफ पातळ असायला हवा, तो हिच्यात फणसाच्या चिकासारखा, धरला की सोडत नाही. त्यात जंतू घर करतात. पोटातही तसंच, म्हणून खाल्लेलं पचत नाही, जेवताना गोळ्या घ्याव्या लागतात. आणि मीठ कमी करायचं नाही, उलट जास्त द्यायचं. हा दोष निम्मा आईकडून आणि निम्मा बापाकडून येतो, हेही डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. त्या दिवसापासून दामूची आई सुनेच्या माहेराबद्दल बोलायची थांबली. तेवढा एक फायदा त्या रोगाचा झाला.

मोठेपणी सुवर्णा त्या अळणी दिवसांचा सूड उगवायची. मिठाची पुडी कायम ओढणीच्या गाठीला. कैरीला मीठ, काकडीला मीठ, सुकटीच्या चटणीवर वरून मीठ. आमची म्हातारी रक्तदाबानं अळणी खाते, तिच्यासमोर बसून मुद्दाम खायची. "नानी, डॉक्टरनी सांगितलंय मला. तुला काय सांगितलंय?"

बारावीनंतर ती आमच्या डेअरीत बसू लागली. डेअरी म्हणजे पत्र्याची खोली, दूध गार ठेवायची टाकी, वजनकाटा आणि फॅट मोजायचं मशीन. सकाळ-संध्याकाळ सगळी वाडी किटल्या घेऊन तिच्यापुढं उभी. मशीनचा आकडा ती मोठ्यानं सांगायची, कुणाचीही भीड धरायची नाही. माझी म्हैस चांगल्या जातीची आहे. एकदा आकडा कमी आला.

मी म्हणालो, "सुवर्णे, मशीन बिघडलंय. पुन्हा लाव."

तिनं लावलं. तोच आकडा.

"अजून एकदा लाव. माझ्या म्हशीला एवढी कमी फॅट लागतच नाय."

"लावते. पन या खेपेला बी कमी लागली, तर घरी जाऊन नानीला इचारायचं, दुधात पानी कुनी घातलं."

रांग हसली. मी दोन दिवस दूध कडावच्या डेअरीत नेऊन घातलं. तिसऱ्या दिवशी परत आलो तेव्हा तिनं काही झालंच नाही असं किटलीत माप बुडवलं आणि म्हणाली, "कडावला किती लागली, नाना?" तिथंही तेवढीच लागली होती. मी सांगितलं नाही.

तिलाही एक मशीन असंच आकडा सांगायचं. दर थोड्या महिन्यांनी इस्पितळात जाऊन नळीत जोरानं फुंकायचं, पार पोट पाठीला लागेपर्यंत, आणि छातीत किती ताकद उरली ते कागदावर यायचं. तीनदा फुंकायला लावतात आणि त्यातला चांगला आकडा धरतात. "तुमच्या म्हशीपेक्षा माझ्यावर जास्त दया करतात," असं मला म्हणाली होती.

तिचं सगळं जगणं त्या आकड्यावर टांगलेलं होतं. वर्षातून दोन-तीन वेळा दुखणं उचल खायचं. कफाचा रंग बदलायचा, भूक जायची, जिना चढल्यासारखा दम सपाट जमिनीवर लागायचा. मग मुंबईला जाऊन दोन-दोन आठवडे शिरेतून औषधं घ्यायची. परत आली की बरी दिसायची, पण आधी होती तिथपर्यंत पोचायची नाही. मी एकदा विचारलं, "औषध झालं, ताप गेला, मग दम का भरत नाय?"

ती म्हणाली, "नाना, पूर वसरल्यावर बांध बघता ना तुमी? थोडा थोडा वाहून गेलेला आसतो. माती घालता, बांध उभा र्‍हातो. पन पयल्यासारका होतो काय?"

म्हणून दुखणं उचल खायच्या आत ओळखणं, हे तिचं खरं काम. मशीन मुंबईला, ती इथं. तिनं स्वतःची एक रीत काढली होती. सकाळी रांग लागली की दूध घालणाऱ्यांची नावं वहीतल्या क्रमानं, एका दमात म्हणायची. दम जिथं तुटेल तिथं थांबायची. बरी असली की पार शेवटच्या शिवराम पाटलापर्यंत जायची. कमी असली की मध्येच अडकायची. माझं नाव वहीच्या मधल्या अंगाला. एका सकाळी ती माझ्या अलीकडेच थांबली आणि काट्याला धरून उभी राहिली.

मी म्हणालो, "उद्यापासून माझ्यापासनं सुरू कर."

"मग तुमचं नाव येईल, नाना. पन मला काय कळंल?"

दुपारी ती मुंबईला गेली.

वीज गेली की घरातलं वाफेचं मशीन बंद पडायचं, आणि औषधाची वाफ तर रोज घ्यावीच लागायची. डेअरीला इन्व्हर्टर होता. मग ती मशीन डेअरीतच आणून ठेवायची. तोंडावर मुखवटा, त्यातून पांढरी वाफ निघतेय, आणि ही बोटांनी फॅटचे आकडे दाखवतेय. मधे एकजण म्हणाला, "सुवर्णा, देवीसारकी दिसतीस गं, धुपात बसलेली." तिनं मुखवटा बाजूला केला आणि म्हणाली, "मग ओटी भरा. आन दुधात पानी नका घालू." पुन्हा मुखवटा लावला.

हे सगळं हसतखेळत चालायचं असं कुणाला वाटेल. तसं नव्हतं. रोज तेच. उठल्यावर वाफ, मग वाजवून घेणं, मग खोकणं, मग गोळ्या, संध्याकाळी पुन्हा पहिल्यापासून. सणाला सुट्टी नाही, लग्नाला सुट्टी नाही. एका दिवाळीत मी ओटीवर बसलो होतो तेव्हा पलीकडून तिचा आवाज आला, "आये, आज नको. एक दिवस नको." बऱ्याच वेळानं थापटण्याचा आवाज सुरू झाला. मायलेकींत कोण जास्त दमलं होतं, मला आजही सांगता येणार नाही.

परदेशात या रोगावर नव्या गोळ्या निघाल्यात, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. आपल्यासारख्याच्या हाताला त्या लागण्यातल्या नव्हत्या. दामू ते ऐकून आला आणि भिंतीकडं तोंड करून झोपला. सुवर्णा म्हणाली, "आसू दे. कुनाला तरी मिळतात ना."

आमच्याकडं शिमगा झाला की राब भाजतात. भाताचं रोप जिथं टाकायचं त्या वाफ्यावर शेण, पाला, झाडाच्या फांद्या, गवत असं थरावर थर रचायचं, वर माती टाकायची आणि पेटवून द्यायचं. जाळ कमी, धूर जास्त. ज्याचा पाला सुकेल तो भाजणार, म्हणजे महिना-दीड महिना रोज कुणाचा तरी राब धुमसतोय. आमच्या आज्यापासून हेच. आणि दर वर्षी त्याच महिन्यात सुवर्णाचं दुखणं उचल खायचं.

एके वर्षी तिनं समाजमंदिरात माणसं बोलावली. तिनं बोलावलं म्हणून आली, कारण दुसऱ्या दिवशी फॅट तिच्याच हातात होती.

शिवराम पाटील आधीच तापून आला होता. "राब काय मुहूर्त काढून भाजतात काय? आता पोरी आमाला शेती शिकवनार."

"भाजू नका असं मी म्हनलं काय, काका? भाजा. पन तुमी महिनाभर येकेक जन भाजता, म्हंजे मला महिनाभर पळाया लागतं. सगळ्यांनी मिळून दोन दिवस धरा. मी कर्जतला मावशीकडं जाते. ते दोन दिवस गाव तुमचं. बाकीचे माझे."

"आन कुनाचा पाला वला ऱ्हायला तर?"

"त्यानं तोडाया आळस केला आसंल."

बायका हसल्या. शिवराम म्हणाला, "आमी नाय ऐकलं तर?"

तेव्हा ती खाली बसली. उभं राहून बोलण्याइतका दम राहिला नसावा. म्हणाली, "तर काय नाय, काका. मी काय करनार? फॅट सांगते ती खरी सांगते ना? तसं हे बी खरंच सांगते. माझ्यानं आता पळवत नाय."

शिवरामनं टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. मग त्यानंच दिवस सुचवले. त्या वर्षापासून आमच्या वाडीचा राब दोनच दिवसांत भाजून होतो. आजूबाजूची गावं हसली, पण आमचं ठरलं ते ठरलं.

मी मात्र राब भाजलाच नाही. मला कुणी दिवस नेमून दिलेले चालत नाहीत. शेणखत घालून रोप टाकलं. रोप पिवळट आलं. सुवर्णा बांधावर येऊन बघत राहिली.

"नाना, रोप पिवळं दिसतंय."

"जात तशी हाय."

"आसंल," म्हणाली आणि गेली.

राबाचा धूर कमी झाला आणि दोन-तीन वर्षं तिची बरी गेली. मग वाडीच्या वरच्या अंगाला फार्महाऊस झालं. कर्जत, खालापूर, कुठंही जा, आता टेकडीच्या कडेला बंगलेच बंगले. त्यांचा रखवालदार रोज बागेतला पाला झाडायचा आणि रोज पेटवायचा, त्यात प्लॅस्टिकही. आमचे दोन दिवस त्याला कोण सांगणार? सुवर्णा स्वतः चढून गेली, वाटेत चार ठिकाणी बसत. मालक आलेला होता. चांगला बोलला, पाणी दिलं, "बंद करतो" म्हणाला. पुढच्या आठवड्यात पुन्हा धूर. मी काठी घेऊन गेलो आणि पाल्याच्या ढिगावर बसलो. रखवालदार म्हणाला, "बाबा, उठो ना." मी म्हणालो, पेटव, मी बसलोय. संध्याकाळपर्यंत बसलो. त्यानंतर त्यांनी खड्डा खणून पाला पुरायला सुरुवात केली.

पण तोवर सुवर्णाला ताप भरला होता. या खेपेला दोन आठवड्यांत भागलं नाही. दामू मुंबईहून फोन करायचा तेव्हा आधी फुंकण्याचा आकडा सांगायचा नाही, इकडचं तिकडचं बोलायचा. त्यावरून मी समजायचो. ती परत आली ती नाकात नळी घेऊन. घरात प्राणवायूचं मशीन घरघरत असायचं, आणि बाहेर पडायचं तर खांद्याला अडकवायची छोटी टाकी.

मी भेटायला गेलो आणि फार्महाऊसवाल्याला शिव्या घातल्या. ती ऐकत होती. मग हात वर करून मला थांबवलं.

"नाना, तुमी त्याच्यावर नका घालू. डॉक्टरीणबाईनी सांगितलंय, धूर नसता तरी हे आलं आसतं. कदी ना कदी. हे आतलंच हाय."

मला ते आवडलं नाही. दोष द्यायला माणूस असलं की बरं असतं. तिनं तेवढंही मला ठेवलं नाही.

"मग तू वर चढून गेलीस कशाला?" मी विचारलं.

"जेवढं आपल्या हातात हाय, तेवढं तरी नको काय?" असं म्हणून डोळे मिटून पडून राहिली. झोपली असं वाटून मी उठलो, तर म्हणाली, "दार पुढं करा. शेळी येते."

डेअरीत दुसऱ्या कुणाला बसवायचं बोलणं निघालं, तेव्हा तिनं संचालकांना निरोप धाडला, मी मेले नाय अजून. सकाळची पाळी सोडली, संध्याकाळची धरली. दामू तिला मोटारसायकलवरून सोडायचा. भादवा सरत आला होता, भात पोटरीत आलं होतं. एका संध्याकाळी मी किटली घेऊन निघालो तर ती ओटीवर तयार, खांद्याला टाकी.

"बापाला नको म्हनलं. आज चालत येते. चला, नाना."

घरापासून डेअरी लांब नाही. मी पूर्वी बोलत बोलत जायचो आणि वाट कधी संपली कळायचं नाही. त्या दिवशी आम्ही आधी पिंपळाच्या पारापाशी थांबलो, मग ओढ्याच्या मोरीपाशी. ती थांबायची ते सांगून नाही. भात बघायचं आहे, पाणी बघायचं आहे, असं दाखवायची. मीही भात बघायचो. मोरीच्या पुढं ती म्हणाली, "तुमी पुढं व्हा. दूध नासंल."

"नासू दे. माझे गुडघे दुखतात."

"तुमचे गुडघे मला ठावूक हायेत. व्हा पुढं."

एवढं बोलायला तिला तीनदा श्वास घ्यावा लागला. मी पुढं झालो.

त्यानंतर दोन दिवसांनी मी खालापूरला लेकीकडं गेलो आणि मी तिथं असतानाच तिला रात्रीतून मुंबईला नेली. ती तिकडंच गेली. आणलं तेव्हा मी पोचलो, पण मी तोंड बघितलं नाही. लोकांनी सांगितलं बघ म्हणून. नाही बघितलं. माझ्याकडं त्या संध्याकाळची सुवर्णा आहे, ती मला पुरते.

मी डेअरीच्या पायरीवर पोचलो होतो. किटल्या घेऊन माणसं उभी होती. कुणी विचारलं, "सुवर्णा येतीय ना?" मी म्हणालो, येतीय, आणि मागं वळून बघितलं. ती विजेच्या खांबापाशी होती. एक हात खांबावर, डोकं खाली, खांदे वरखाली होत होते. तशी ती बराच वेळ राहिली. मग तिनं मान वर केली. नळी नीट केली, ओढणीनं तोंड पुसलं, केस मागं घेतले. खांबावरचा हात काढला आणि तशीच उभी राहिली, तोंडावरचं सगळं जागेवर येईपर्यंत. मग ती चालू लागली, घरापासून कुठं न थांबता आल्यासारखी, ताठ, आमच्याकडं बघत.

मी पाठ फिरवली आणि रांगेत आपली जागा धरली.